कर नाही त्याला डर कशाला?

आयकर खात्याची धाड पडल्याची बातमी आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक म्हण हमखास येते. मग तो गट डब्लिनचा असो, न्यू जर्सीचा असो की दुबईचा. ‘कर नाही त्याला डर कशाला?’ म्हणीतल्या ‘कर’चा अर्थ करणी असा आहे, पण आयकराच्या संदर्भात ती इतकी चपखल बसते की पुढे बोलणेच खुंटते. माझी तक्रार या म्हणीबद्दलच आहे. ज्याच्या घरी धाड पडली तो दोषी आहे का, एवढेच ती विचारते. धाड घालणारे खाते कोणाच्या घड्याळावर चालते, हा प्रश्न तिच्या हिशेबातच नाही.

महाराष्ट्रातले सर्वांना माहीत असलेले उदाहरण घेऊ. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी आयकर खात्याने अजित पवार यांच्या निकटवर्तीयांवर छापे घातले. तेव्हा ते महाविकास आघाडी सरकारात उपमुख्यमंत्री होते. कोल्हापूर आणि पुण्यातल्या त्यांच्या बहिणींनाही या छाप्यांतून वगळले नव्हते. पुढच्याच महिन्यात एक हजार कोटींहून अधिक किमतीच्या मालमत्तांवर बेनामी कायद्याखाली टाच आली. २ जुलै २०२३ रोजी पवार भाजपच्या सोबतीने सत्तेत गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने खात्याचे अपील फेटाळले. मालमत्ता बेनामी असल्याचा पुरावा नाही, असे म्हटले. ५ डिसेंबरला पवारांनी पुन्हा उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि त्यापाठोपाठ मालमत्ता मोकळ्या झाल्याची बातमी आली.

न्यायाधिकरणावर शंका घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. प्रश्न खात्याला आहे. पुरावा नव्हता, तर एवढी मोठी टाच कशाच्या आधारावर आणली? आणि पुरावा होता, तर तो मांडता का आला नाही? दोन्हीपैकी काहीही खरे असले तरी नुकसान कर भरणाऱ्या सामान्य माणसाचेच आहे.

हे एकटे प्रकरण असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. एप्रिल २०२४ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने एक यादी छापली. केंद्रीय यंत्रणांची चौकशी सुरू असलेले विरोधी पक्षांतले २५ नेते २०१४ नंतर भाजपकडे गेले आणि त्यांतल्या २३ जणांना चौकशीतून दिलासा मिळाला, असे त्या बातमीत होते. यात ईडी आणि सीबीआयची प्रकरणेही आहेत, पण नमुना तोच. मात्र ही सवय आजच्या सरकारने शोधून काढली असेही नाही. आणीबाणीत, १९७६ साली, बजाज समूहावर आयकराच्या धाडी पडल्या आणि पुढे ते प्रकरण शाह आयोगापुढे गेले. २०११ मध्ये अण्णांचे आंदोलन भरात असताना अरविंद केजरीवाल यांना त्यांच्या आयकर खात्यातल्या जुन्या नोकरीच्या थकबाकीची सुमारे नऊ लाखांची नोटीस मिळाली. तेव्हा सरकार काँग्रेसचे होते. हत्यार तेच राहते, धरणारा हात बदलतो.

आता ‘डर’चे पाहू. धाड ही खरे तर तपासाची पहिली पायरी; आपल्याकडे तीच शिक्षा झाली आहे. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम १३२ हे २०२६ पर्यंत झडतीचा अधिकार देत असे. अट एवढीच की अधिकाऱ्याकडे तसे मानण्यास कारण हवे असे. २०१७ च्या वित्त कायद्याने त्यात एक स्पष्टीकरण जोडले आणि तेही थेट १९६२ पासून लागू केले. ही कारणे कोणत्याही व्यक्तीला, अधिकाऱ्याला किंवा अपिलीय न्यायाधिकरणाला सांगितली जाऊ नयेत, असे ते स्पष्टीकरण होते. म्हणजे घरात शिरलेल्या माणसाला ‘का आलात?’ हे विचारायचे, तर उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागणार. बीबीसीच्या दिल्ली-मुंबई कार्यालयांत फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन दिवस ‘सर्वेक्षण’ चालले, ते पंतप्रधानांवरचा माहितीपट येऊन गेल्यावर काही आठवड्यांत. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संशोधनसंस्थेत असेच पथक गेले होते. आमच्यासारख्या संशोधन करणाऱ्यांपर्यंत यातला संदेश पोचायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. पुढचा प्रकल्प निवडताना हात आपोआप आखडतो. कर नसला तरी डर असतो, तो असा.

मी राहतो त्या आयर्लंडमध्ये हेच दुखणे उलट्या बाजूने दिसले. चार्ल्स हॉही १९७९ ते १९९२ या काळात तीनदा पंतप्रधान झाले. जानेवारी १९८० मध्ये त्यांनी टीव्हीवरून जनतेला ऐपतीबाहेर जगू नका असे सांगितले. स्वतः मात्र डब्लिनजवळच्या वाड्यात राहत आणि सुटीसाठी त्यांच्या मालकीचे एक अख्खे बेट होते. मॉरियार्टी चौकशी आयोगाने २००६ च्या अहवालात सांगितले की १९७९ ते १९९६ दरम्यान त्यांना सुमारे ९१ लाख पौंड खासगीरीत्या मिळाले. महसूल खात्याने त्या ऐश्वर्याकडे कधी नीट पाहिलेच नव्हते. शिवाय पैसे देणाऱ्यांपैकी एक, व्यापारी बेन डन, यांची भेट हॉही यांनी महसूल खात्याच्या अध्यक्षांशी घालून दिली होती. हे सगळे बाहेर आले ते डन कुटुंबातल्या भांडणामुळे. खाते स्वतःहून हलले नव्हते.

म्हणून मला सोडलेली फाइल आणि उघडलेली फाइल ही एकाच दुरुपयोगाची दोन रूपे वाटतात. अमेरिकेने हे कायद्यातच ओळखले आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये निक्सन यांच्या माणसांनी विरोधकांची यादी करखात्याचे आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांच्या हाती दिली. त्यांनी ती तिजोरीत ठेवून दिली आणि कारवाई केली नाही. पुढे १९९८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्ष व त्यांच्या कार्यालयाला एखाद्याची करतपासणी सुरू करा किंवा थांबवा असे सांगण्यास बंदी घातली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. त्यातला ‘किंवा थांबवा’ हा भाग आपल्या चर्चेत कुठेच नसतो. आयर्लंडनेही २०११ मध्ये महसूल आयुक्तांचे स्वातंत्र्य कायद्यात लिहून ठेवले.

कायदा पुरेसा नसतो, हे खरे. वॉल्टर्ससारखा अधिकारीही लागतो. पण काही साध्या सवयी उपयोगी पडतात. इथे दर तीन महिन्यांनी ठरावीक रकमेवरच्या करबुडव्यांची यादी जाहीर होते. त्यात नाव, पत्ता, व्यवसाय आणि रक्कम असते आणि ती प्रकरण संपल्यावर येते. आपल्याकडे कॅमेरे धाडीच्या दिवशी पोचतात. फाइल बंद होते तेव्हा दारात कोणीच नसते.

विरोधी पक्षांतल्या भ्रष्टांना मग मोकळे सोडायचे का, असे कोणी विचारील. मुळीच नाही. ते मोकळे सुटतात हीच तर तक्रार आहे, फक्त पक्ष बदलून सुटतात. तेव्हा पुढच्या वेळी धाडीची बातमी आली की ती तारखेसकट लक्षात ठेवावी. दोन वर्षांनी तो माणूस कुठे आहे आणि त्याची फाइल कुठे आहे, हे दोन्ही पाहावे. मग म्हण कोणाला ऐकवायची ते ठरवता येईल.