खाडीपलीकडचा निबंधकार

भाईंदरहून गाडी खाडीचा पूल ओलांडते आणि वसईचा मुलूख सुरू होतो. विहिरी, केळीच्या बागा आणि चर्चच्या घंटा यांचा हा मुलूख आता इमारतींनी बराच झाकोळला आहे. मराठी गद्यात मात्र तो टिकून आहे, याचे मोठे श्रेय फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या लेखणीला द्यावे लागेल. नंदाखालला १९४२ साली जन्मलेले हे धर्मगुरू जुलै २०२४ मध्ये निवर्तले.

धर्मगुरूच्या हातचा निबंध म्हटला की वाचकाला प्रवचनाची धास्ती वाटते. ती अगदीच अनाठायी नव्हे. दिब्रिटोंच्या लेखनातही प्रेम, क्षमा, मानवता असे थोर शब्द रांगेने येऊ लागले की लेख सैल पडतो. परंतु १९८३ पासून २००७ पर्यंत ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. श्रोता चर्चमध्ये निमूट बसून राहतो. वाचक कंटाळला की पान उलटतो! ही शिस्त त्यांच्या गद्याला मानवली.

फडके-काणेकरांच्या लघुनिबंधातला ‘मी’ गप्पिष्ट, स्वतःच्या लहरींवर खूश असलेला. दिब्रिटोंचा ‘मी’ निराळा. त्याच्या डोक्यावर गावाचे ओझे आहे. वसईची हिरवी जमीन बांधकामांच्या तोंडी जाऊ लागली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते पुढे होते. त्यामुळे झाडाविषयी ते लिहितात, तेव्हा ते नुसते निसर्गवर्णन राहत नाही. हे झाड उद्या असेल काय, हा प्रश्न त्या ओळींमागे उभा असतो.

आणि भाषा? फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली ओवीतून अवतरले. त्याच वाटेवर दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ साध्या मराठीत आणले. साहित्य अकादमीने त्या अनुवादाचा गौरव केला. त्यांच्या लेखांत ख्रिस्ताशेजारी तुकोबा येऊन बसतात, ते पाहुण्यासारखे नव्हे, घरच्यासारखे. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्या वेळी काहींनी त्यांच्या धर्माकडे बोट दाखवले. त्यांच्या गद्याकडे पाहिले असते, तर तो वाद उद्भवलाच नसता.

भाषा कोणाची, या प्रश्नाला त्यांचे लेखन हेच उत्तर आहे: जो तिच्यात प्रार्थना करतो आणि तिच्यातच भांडतो, त्याची. यंदा फराळाच्या ताटाशेजारी त्यांचे एखादे पुस्तक अवश्य असू द्यावे.