अपवाद आणि नियम : एका लॅटिन वचनाच्या इंग्रजीमार्गे झालेल्या अर्थांतराची चिकित्सा

प्रस्तावना :
लॅटिन वचने आपल्याकडे थेट लॅटिनमधून आली नाहीत. ती इंग्रजी अर्थासह आली. मार्गदर्शिकांमध्ये डावीकडे लॅटिन वचन आणि उजवीकडे त्याचा एका ओळीचा इंग्रजी अर्थ अशी मांडणी असते. विद्यार्थी उजवी बाजू पाठ करतो व पुढे तीच मराठीत उतरते. या प्रवासात मूळ अर्थाचे काय होते, हे प्रस्तुत लेखात एका वचनाच्या आधारे तपासले आहे.

वचन आणि संदर्भ :
वचनाला संदर्भ लागतो, हे जुने संग्राहक जाणून होते. इरॅस्मसच्या १५०० सालच्या पहिल्या संग्रहात ८१८ वचने होती. पुढील आवृत्त्यांत ती चार हजारांवर गेली. परंतु संग्रहाचे मोल संख्येपेक्षा त्यातील भाष्यात आहे. 'फेस्तिना लेन्ते', म्हणजे 'सावकाश घाई कर', या दोन शब्दांवर त्याने दीर्घ निबंध लिहिला. मराठी म्हणी इंग्रजीत नेताना रेव्हरंड आल्फ्रेड मॅनवारिंग यांनीही १८९९ साली ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध झालेल्या संग्रहात भाषांतराला खुलाशाची जोड दिली. आजच्या याद्यांतून नेमका हा खुलासाच गळाला आहे.

गळालेला उत्तरार्ध :
'अपवादाने नियम सिद्ध होतो' हे वाक्य आपण मराठीच समजतो. वस्तुतः ते एका लॅटिन न्यायवचनाच्या इंग्रजी संक्षेपाचे भाषांतर आहे. मूळ वचन असे : 'एक्सेप्तिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नोन एक्सेप्तिस'. अर्थात, अपवाद सांगितला की न वगळलेल्या बाबींपुरता नियम सिद्ध होतो. या युक्तिवादाचे मूळ सिसेरोने इ. स. पू. ५६ मध्ये बाल्बसच्या नागरिकत्वाच्या बचावार्थ केलेल्या भाषणात दाखवले जाते. काही तहांत रोमने परक्यांना नागरिकत्व देऊ नये असे स्पष्ट कलम होते. त्याअर्थी जेथे ते कलम नाही तेथे नागरिकत्व देता येते, असा त्याचा तर्क होता.

शेलूबाजारच्या पेठेत एखाद्या दुकानावर 'सोमवारी बंद' अशी पाटी असेल, तर इतर दिवशी दुकान उघडे असते हे वेगळे लिहावे लागत नाही. येथे अपवाद खरोखर नियम सिद्ध करतो. मात्र पाटी नसताना दुकान बंद आढळले, तर त्यामुळे नियम सिद्ध होत नाही. तो शंकास्पद ठरतो. सांगितलेला अपवाद आणि आढळलेले विरुद्ध उदाहरण यांतील हा भेद इंग्रजी संक्षेपात पुसला गेला. इंग्रजी क्रियापदाचा जुना अर्थ 'कसोटी पाहणे' असा लावून काही जण या संक्षेपाचे समर्थन करतात. परंतु 'न वगळलेल्या बाबींत' या उत्तरार्धाशी तो अर्थ जुळत नाही.

आपल्या परंपरेतील दाखला :
हा विचार आपल्याला नवा नाही. संस्कृत व्याकरणात सामान्य नियम तो उत्सर्ग आणि विशेष नियम तो अपवाद. अपवादाचे क्षेत्र आधी बाजूला काढावे, मग उरलेल्या ठिकाणी उत्सर्ग लागू करावा, अशी परिभाषा नागेशभट्टांच्या 'परिभाषेन्दुशेखर' ग्रंथात विवरली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील फ्रान्झ कीलहॉर्न यांनी हा ग्रंथ १८६८ ते १८७४ या काळात इंग्रजी भाषांतरासह सिद्ध केला. लॅटिन वचनाचा गळालेला उत्तरार्ध या परिभाषेत जवळजवळ जसाच्या तसा आढळतो. तरीही आपण अपुरे वाक्य स्वीकारले.

परिणाम :
हा केवळ शब्दार्थाचा दोष नाही. 'खेड्यातील मुलांना इंग्रजी येत नाही' असे कोणी म्हणावे, समोर उत्तम इंग्रजी लिहिणारी खेड्यातील विद्यार्थिनी उभी असावी, आणि उत्तर मिळावे की, 'अपवादाने नियम सिद्ध होतो'. जो पुरावा पूर्वग्रह मोडू शकला असता तोच त्याचा आधार बनतो. तिचे यश तिच्याच वर्गाविरुद्ध वापरले जाते. संशोधनातही न जुळणारी नोंद याच वाक्याने बाजूला सारता येते.

समारोप :
लॅटिन वचने अभ्यासक्रमातून काढावीत असे येथे सुचवायचे नाही. वचन व अर्थ या दोन रकान्यांना तिसरा रकाना जोडावा : हे वचन कोणत्या वादात, कोणत्या मर्यादेत उच्चारले गेले? तो भरण्याची जबाबदारी प्राध्यापकांची आहे. आणि त्याचा आरंभ आपण स्वतः हे वाक्य वर्गात कसे वापरतो, हे तपासण्यापासून व्हावा.