भयकथेचा पहिला श्रोता

मराठी भयकथेच्या चर्चेत लेखकास जे स्थान मिळते, ते तिच्या पहिल्या श्रोत्यास मिळत नाही. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अरण्यात राही अनिल बर्वे यांनी नारायण धारप यांची एक कथा मित्राच्या तोंडून ऐकली. ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाचे बीज त्या श्रवणात आहे.

कथा ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा, असा आपल्याकडील जुना संकेत. तो हुंकार कोठे लांबला, कोठे थांबला, हे पाहून सांगणारा पुढील वाक्य बेततो. हस्तलिखित वाचावयास देणारा लेखक मात्र बहुधा ‘काय कळले नाही?’ असे विचारतो. वाचक प्रामाणिकपणे उलगडा मागतो, लेखक तो पुरवितो. आणि ‘कुणीतरी’ या अनिश्चित सर्वनामात दडलेले भय विशेषनामाच्या उजेडात विरून जाते.

दुर्बोधतेनेही हुंकार थांबतो, हे खरे. परंतु तेथे वाचक मागे वळून पुन्हा वाचतो. भयाच्या जागी तो पुढे जावयास कचरतो. म्हणून पहिल्या वाचकास मत विचारण्यापूर्वी तो कोठे थांबला व का थांबला, हे विचारावे. पहिल्या प्रकारची जागा दुरुस्त करावी. दुसरीस हात लावू नये.