शिक्षण परिषदेत ‘वाद’ का होत नाही?



आजचा विषय वरवर पाहता साधा आहे. शिक्षकांनी एकत्र जमायचं आणि आपापल्या वर्गात काय केलं ते एकमेकांना सांगायचं. आपल्याकडे यासाठी केंद्र पातळीवरची शिक्षण परिषद असते. ‘शिक्षणाची वारी’ भरली, तिथे शिक्षकांनी आपले उपक्रम मांडले. स्कॉटलंडमध्ये २००६ साली काही शिक्षकांनी एडिनबरोत ‘टीचमीट’ सुरू केली. तिथे बोलायला मिळतात सात मिनिटं, नाहीतर दोन, आणि बोलणारे सगळे वर्गावरचे शिक्षक. सगळीकडे कल्पना एकच, की शिक्षकाने शिक्षकाकडून शिकावं.

ही कल्पना आम्हाला मोलाची वाटते, म्हणून तिची चिकित्सा करायची. आमचं म्हणणं थोडक्यात असं: या मेळाव्यांत उदाहरणं भरपूर सांगितली जातात, पण ती उदाहरणं ज्या अटींवर उभी असतात त्या कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

आधी मोल कशाचं, ते पाहू. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ सालच्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये एक भेद दाखवला. एखादी गोष्ट ‘आहे’ हे माहीत असणं वेगळं आणि ती ‘करता येणं’ वेगळं. शिक्षकाचं ज्ञान बरंचसं दुसऱ्या जातीचं. आता बघा, ‘एकवीस’ म्हटलं की काही मुलं आधी एक लिहितात आणि मग दोन. बारा होतात. कारण आपल्या मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक नंतर. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विनोद झाले, अग्रलेख झाले. पण ज्या शिक्षिकेने वर्षानुवर्षं पाटीवर हे उलटे आकडे पाहिले, तिला त्या चर्चेत किती जागा मिळाली? हे ज्ञान तिच्याकडे आहे. ते बोललं जायला जागा हवी. शिक्षण परिषद ही ती जागा असू शकते.

मग अडतं कुठे?

सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या प्राथमिक शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम केलं, मुलं वाचू लागली, हिशेब करू लागली. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले. जाणं योग्यच होतं. पण परत आल्यावर काय झालं? ठिकठिकाणच्या शाळांच्या फरश्या रंगल्या. अक्षरांचे चौकोन, संख्यांच्या पट्ट्या, गोल. काही शाळांत त्या रंगाबरोबर कामही आलं, हे खरं. पण पुष्कळ ठिकाणी रंग तेवढा आला. कुमठ्याच्या शिक्षकांनी एकमेकांच्या सोबतीने घेतलेले निर्णय, फसलेले प्रयोग, प्रत्येक मूल कुठे अडलं याची नोंद, हे काही फरशीवर दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याचा फोटो निघत नाही.

आपल्या न्यायदर्शनात याला नेमकं नाव आहे. जिथे धूर आहे तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलटं करा: जिथे अग्नी आहे तिथे धूर आहे. हे बरोबर नाही. लोखंडाचा तापलेला गोळा घ्या; अग्नी आहे, धूर नाही. मग स्वयंपाकघरात धूर का दिसला? लाकूड ओलं होतं म्हणून. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी न ओळखता काढलेला नियम फसतो.

आता परिषदेतलं एक नेहमीचं निवेदन घ्या. ‘काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले आणि मुलांना दशक समजला.’ छान. पण वर्गात मुलं किती होती? बारा की पंचेचाळीस? एकच इयत्ता होती की चार इयत्ता एका खोलीत? मुलांची घरची भाषा कोणती? गठ्ठे किती दिवस चालले? आणि ‘तीनशे पाच’ ऐकून ३००५ लिहिणारं मूल त्यानंतर काय लिहू लागलं? गठ्ठे हा झाला अग्नी. ओलं लाकूड या प्रश्नांच्या उत्तरांत आहे.

हे प्रश्न विचारले का जात नाहीत? न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले: वाद, जल्प आणि वितंडा. जल्पात जिंकायचं असतं, वितंडेत फक्त समोरच्याचं पाडायचं असतं. वादात सत्य शोधायचं असतं, आणि तो कोणाबरोबर करावा? गुरू, शिष्य, सहाध्यायी अशा, ज्यांच्या मनात असूया नाही त्यांच्याबरोबर. आपण मराठीत ‘वाद’ म्हणजे भांडण करून टाकलं, ते सोडा. शिक्षण परिषदेत या तिन्हींपैकी काहीच होत नाही. निवेदन होतं, टाळ्या होतात, फोटो निघतो. उरलेला वेळ परिपत्रकं आणि माहितीचे तक्ते खातात. शिवाय समोर अधिकारी बसलेले असतात. त्यांच्यासमोर ‘माझ्या वर्गात हे जमलं नाही’ असं कोण म्हणेल? म्हणून फक्त यश सांगितलं जातं, आणि नुसत्या यशांच्या यादीतून उपाधी कधीच सापडत नाही. ती सापडते जिथे अग्नी होता पण धूर निघाला नाही, तिथे.

जपानी प्राथमिक शाळांतली ‘जुग्यो केंक्यू’ ही रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. स्टिगलर आणि हीबर्ट यांच्या १९९९ सालच्या ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकाने ती बाहेरच्या जगाला नीट कळली. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात. मुलं कुठे अडतील, काय म्हणतील, याचा अंदाज आधी लिहून ठेवतात. मग एकजण खऱ्या वर्गात तो शिकवतो आणि बाकीचे मुलांकडे पाहतात. त्यानंतर चर्चा. पाठ सर्वांचा असल्याने तो फसला तर कोणा एकाची अब्रू जात नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘सर, आमच्याकडे एवढा वेळ कुठे? एखादी युक्ती मिळाली तरी पुष्कळ.’ आक्षेप रास्त आहे. युक्तीला आम्ही नावं ठेवत नाही. पण अट माहीत नसलेली युक्ती फसते, तेव्हा शिक्षक युक्तीला दोष देत नाही. तो म्हणतो, ‘माझीच मुलं कच्ची.’ इथे नुकसान होतं, आणि ते मुलांचं होतं.

म्हणून आमची सूचना लहान आहे. परिषदेत दहा उपक्रमांऐवजी दोनच घ्या. सांगणाऱ्याने तीन गोष्टी सांगाव्यात: कोणत्या मुलांसोबत केलं, कोणत्या मुलाला नाही जमलं, आणि आपल्या मते का. तेवढा तास अधिकाऱ्यांनी एक तर मागे बसावं, नाहीतर स्वतःच्या शिकवण्यातलं एक अपयश सांगून सुरुवात करावी.

द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाला महिनाभर बरोबरीचं माणूस एकच भेटतं. ‘हे मूल शिकत का नाही?’ हा प्रश्न चारचौघांत ठेवायला त्याच्याकडे परिषदेचा तो एक दिवस आहे. तो दिवस टाळ्यांत गेला, तर प्रश्न तसाच वर्गात परत जातो आणि मागच्या रांगेत बसतो.