स्त्रियांचं टेस्टोस्टेरॉन: आकडा खरा किती, किटचा किती?

पीसीओएसवर काम करायचं ठरवलंय? मग 'टेस्टोस्टेरॉन एलायझाने मोजले जाईल' हे वाक्य तुमच्या प्रस्तावात असणारच. माझ्या मते अख्ख्या प्रस्तावातलं सगळ्यात कच्चं वाक्य तेच. का, ते एका जुन्या पेपरवरून बघू.

२००३ मध्ये 'क्लिनिकल केमिस्ट्री'त तायेब आणि सहकाऱ्यांनी १० इम्युनोअसे तपासल्या. ५० पुरुष, ५५ स्त्रिया आणि ११ मुलं यांचे नमुने घेऊन आकडे गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीशी ताडून पाहिले. स्त्रियांच्या नमुन्यांत १० पैकी ७ पद्धतींनी आकडा वाढवून दाखवला. सरासरी ४६ टक्के जास्त. पुरुषांत उलट, सरासरी १२ टक्के कमी.

असं का होतं? साधं गणित करा. स्त्रीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन साधारण १५ ते ७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, पुरुषात ३०० ते १०००. अॅड्रिनलमधून येणारं डीएचईएएस मात्र २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन लाख नॅनोग्रॅम धरा. अँटिबॉडीने त्यातलं नुसतं ०.०१ टक्का चुकून पकडलं, तरी २० नॅनोग्रॅम वाढले. पुरुषाचे ५०० चे ५२० झाले तर कुणाला कळणारही नाही. बाईचे ४० चे ६० होतात.

आता पेपरची मर्यादा. ५५ स्त्रिया म्हणजे थोड्याच, आणि तेव्हाची किट्स आता बदललीत. म्हणून ४६ हा आकडा आजच्या किटला चिकटवू नका. शिवाय सरासरी फसवते. चूक सगळ्यांत सारखी असती तर वजा करता आली असती. पण डीएचईएएस प्रत्येकीत वेगळं, आणि पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींत जास्त. म्हणजे रुग्ण आणि कंट्रोल गटांतला फरक थोडाफार किटनेच तयार केलेला असू शकतो!

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. मोहटादेवीची यात्रा, वारी, घरचं लग्न, पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉनची गोळी सर्रास घेतली जाते. काही इम्युनोअसे या औषधालाच टेस्टोस्टेरॉन समजतात. तुमच्या प्रश्नावलीत हा प्रश्न आहे का?

एलसी-एमएस/एमएस रेणू वस्तुमानावरून ओळखतं, म्हणून ते सरस. पण तेही आंधळेपणाने मानू नका. कॅलिब्रेशन नीट नसेल तर दोन लॅबचे आकडे तिथेही जुळत नाहीत. मशीन महागडं, नमुने पुण्या-मुंबईला पाठवावे लागतील. तेवढं बजेट नसेल तर ईथरने एक्स्ट्रॅक्शन करून मग इम्युनोअसे करा. डीएचईएएस बरंचसं पाण्याच्या थरात मागे राहतं.

आणि दोन पद्धतींची तुलना करताना 'आर = ०.९५' दाखवून मोकळे होऊ नका. स्त्री-पुरुष एकत्र घेतले की आकड्यांचा पल्ला मोठा होतो आणि सहसंबंध आपोआप छान दिसतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये दाखवलंय की सहसंबंध म्हणजे सहमती नव्हे. फक्त स्त्रियांचे नमुने घ्या, प्रत्येक जोडीतला फरक काढा, तो आलेखावर मांडा.

एवढा खटाटोप कशाला? कारण त्या आकड्यावरून अठरा वर्षांच्या एखाद्या मुलीला पीसीओएसचं लेबल लागतं, गोळ्या सुरू होतात, घरात लग्नाची काळजी सुरू होते. म्हणून किट मागवण्याआधी त्याच्या माहितीपत्रकातला क्रॉस-रिअॅक्टिव्हिटीचा तक्ता वाचा. तक्ताच नसेल तर ते किट घेऊ नका.