‘मुक्ती कोन पथे?’ : धर्मांतर आणि ‘मी’

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मुक्ती कोन पथे?’ हे ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत झालेले भाषण बहुधा धर्मांतराचे सामाजिक समर्थन म्हणूनच वाचले जाते. हे वाचन आम्हांस अपुरे वाटते. त्यात आध्यात्मिक बाजूचाही विचार आहे, आणि शेवट तर भगवंतांनी आनंदास केलेल्या स्वयंशरणाच्या उपदेशाने होतो. येवल्याच्या घोषणेला तेव्हा वर्षही झाले नव्हते. धम्मदीक्षा वीस वर्षे दूर होती!

तथापि, भाषण समूहाला उद्देशून आहे, हे मान्य केले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मात्र ‘मी’च्या आहेत. पंचशीलातील ‘समादियामि’, म्हणजे ‘मी ग्रहण करतो’, हे क्रियापदही एकवचनीच. लाखोंचा समुदाय एकत्र उभा राहिला, पण शील घ्यावयाचे ते ज्याचे त्याने. समीक्षकांनी समुदाय मोजला; हे एकवचन त्यांच्या नजरेतून निसटले.

आमच्या खालापूर-कर्जत भागातही वंदनेत ‘समादियामि’ सर्वांच्या मुखी असते. घरी परतून मुलीच्या लग्नासाठी पंचांग उघडणाऱ्या उपासकाने ते कोणाच्या वतीने उच्चारले, असे आम्ही विचारतो.