‘स्वस्त संचा’ची वार्ता आणि बीड जिल्ह्यातील ग्राहक : एक समीक्षा

प्रस्तावना :

भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी केलेले ते संभाषण होते. त्या वेळी केलेल्या कॉलचे पैसे पडत, तसेच आलेल्या कॉलचेही पडत. त्यानंतरच्या तीन दशकांत मोबाईल हा शहरी प्रतिष्ठेचा विषय न राहता खेड्यातील गरजेचा विषय झाला. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ६३.२ टक्के कुटुंबांकडे दूरध्वनी वा मोबाईल होता. घराच्या आवारात शौचालय असलेली कुटुंबे मात्र ४६.९ टक्केच होती. या दोन आकड्यांतील अंतरावर त्या काळी पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्या भाषेने हा प्रसार घडविला त्या भाषेची, म्हणजे नव्या संचाच्या जाहिराती, घोषणा आणि आवया यांची चिकित्सा मराठीत फारशी झालेली नाही.

‘अमुक रुपयांत नवा फोन येणार’ ही वार्ता हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानावा लागेल. त्याला ठरावीक रचना आहे, ठरावीक अलंकार आहेत आणि ठरावीक वाचकवर्ग आहे. प्रस्तुत लेखात या वाङ्मयाची समीक्षा बीड जिल्ह्यातील, विशेषतः ऊसतोड कामगार कुटुंबांतील ग्राहकाच्या दृष्टिकोनातून केली आहे. वाङ्मयाची कसोटी ज्याप्रमाणे वाचकाच्या अनुभवाशी असलेल्या त्याच्या नात्यावर लागते, त्याप्रमाणे आश्वासनाची कसोटी ते ज्याला दिले त्याच्या जगण्यावर लागली पाहिजे, ही या लेखामागील भूमिका आहे.

वाचकवर्गाचे स्वरूप :

बालाघाटच्या डोंगररांगांनी विभागलेल्या बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ इतकी नोंदली गेली. अवर्षणप्रवण शेती व रोजगाराचा अभाव यांमुळे येथील लाखो माणसे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीला जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली रक्कम म्हणजे ‘उचल’. गावात मागे राहतात ती वृद्ध माणसे आणि शाळेत जाणारी मुले. एक कुटुंब वर्षातील पाच-सहा महिने दोन ठिकाणी जगते. त्याला जोडणारा धागा पूर्वी मुकादमाचा निरोप किंवा एसटीडी बूथवर ठरलेल्या वेळी येणारा फोन हा होता. आता तो मोबाईल आहे.

म्हणून या ग्राहकाचे प्रश्न साधे असले तरी निराळे आहेत. फडावर रेंज मिळते का? कोपीत वीज नसताना बॅटरी किती दिवस टिकते? खिशात पैसे नसताना गावाकडचा फोन येतो का? आलेला संदेश आपल्या लिपीत वाचता येतो का? नव्या संचाच्या वार्तेने या चार प्रश्नांना काय उत्तर दिले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

किमतीचा अलंकार आणि उचलीची रचना :

या वाङ्मयाची पहिली मोठी कृती म्हणजे रिलायन्स इन्फोकॉमची २००३ च्या पावसाळ्यातील ‘मान्सून हंगामा’ योजना. ५०१ रुपये भरा आणि फोन घरी न्या, असे तिचे स्वरूप होते. २०१६ च्या फेब्रुवारीत नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीने ‘फ्रीडम २५१’ हा संच २५१ रुपयांत देण्याची घोषणा केली. हे आकडे लक्षपूर्वक पाहावेत. बाजारातील किंमत साधारणतः ४९९ वा ९९९ अशी एका रुपयाने कमी सांगितली जाते. येथे मात्र ती एका रुपयाने अधिक आहे. ५१, १०१, २५१, ५०१ हे आपल्याकडे आहेराचे, वर्गणीचे आणि देणगीचे आकडे आहेत. अशा आकड्यात सांगितलेली किंमत व्यवहारासारखी वाटत नाही, शुभकार्यासारखी वाटते. ग्राहकाच्या मनातील घासाघीस करण्याची वृत्ती ती आधीच शांत करते. या प्रकारातील सर्वांत प्रभावी अलंकार हाच होय.

परंतु अलंकाराखाली रचना असते. ५०१ रुपयांच्या संचामागे पुढील मासिक देयकांची बांधिलकी होती, आणि तो संच त्याच कंपनीच्या सेवेशी बांधलेला होता. २१ जुलै २०१७ रोजी घोषित झालेल्या जिओफोनची ‘प्रभावी किंमत शून्य’ असल्याचे सांगितले गेले. प्रत्यक्षात १५०० रुपये अनामत होती. ती तीन वर्षांनी संच परत केल्यावर आणि दरवर्षी किमान १५०० रुपयांचे रिचार्ज केले असल्यास परत मिळणार होती. आज हातात वस्तू, पुढे दीर्घकाळ बांधिलकी, आणि मध्येच सोडून गेल्यास नुकसान, ही रचना बीड जिल्ह्यातील वाचकाला अपरिचित नाही. ती उचलीची रचना आहे. अर्थात हे साम्य आकृतीचे आहे, तीव्रतेचे नव्हे. उचलीत माणसाचे श्रम आणि कधी कधी स्वातंत्र्यही गहाण पडते, फोनच्या योजनेत तसे होत नाही. तरीही ज्या समाजाने ‘आधी घ्या, मग फेडा’ या वाक्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली, त्याच समाजासमोर तेच वाक्य प्रगतीच्या भाषेत पुन्हा ठेवले गेले, ही बाब समीक्षकाने नोंदवली पाहिजे.

‘फ्रीडम २५१’ च्या बाबतीत तर रचनाही नव्हती. नमुना म्हणून दाखविलेल्या संचांवर दुसऱ्याच कंपनीचे नाव असल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी छापले. नोंदणी प्रचंड झाली, सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती मात्र फोन पडला नाही. ती घोषणा झाली त्या महिन्यात मराठवाडा सलग दुष्काळाने होरपळत होता. दोन महिन्यांनी लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी विकत घेणाऱ्या प्रदेशात २५१ रुपयांच्या फोनची वार्ता पसरली, यात ग्राहकाचा भोळेपणा पाहणे अन्यायाचे ठरेल. ज्याला काहीच परवडत नाही त्याला परवडेल असे काही तरी कोठे तरी असावे, ही इच्छाच त्या वार्तेची खरी लेखिका होती.

संच चांगला, वार्ता अबोल :

याउलट २००३ मध्ये बाजारात आलेला ‘नोकिया ११००’ हा संच पाहावा. टॉर्च, धूळ न शिरणारा कीपॅड आणि दीर्घकाळ टिकणारी बॅटरी एवढाच त्याचा थाट होता. जगभरात त्याची विक्री २५ कोटींच्या पुढे गेली. भारनियमनाच्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात त्याची टॉर्च हीच त्याची जाहिरात ठरली. पहाटेच्या अंधारात फडावर जाणाऱ्या माणसासाठी त्या छोट्या दिव्याचे मोल कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा अधिक होते. ज्या संचाने ग्राहकाच्या चारांपैकी निदान एका प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिले, त्याला मोठ्या आश्वासनांची गरज भासली नाही.

गंमत अशी की याच साध्या संचाभोवती पुढे एक आवई उभी राहिली. जर्मनीतील बोखुम येथील कारखान्यात बनलेल्या नोकिया ११०० मध्ये बँकेचे गुप्त संदेश पकडण्याची क्षमता असून त्याला हजारो युरो मोजले जातात, अशी वार्ता २००९ मध्ये जगभर फिरली. साध्या वस्तूत गुप्त धन दडलेले असते, ही कल्पना लोककथेला नवी नाही. जुन्या वाड्यातील हंड्याची जागा येथे जुन्या हँडसेटने घेतली, इतकेच.

लिपीचा प्रश्न :

नव्या संचाच्या वार्तेत लिपीचा उल्लेख क्वचितच येतो. वस्तुतः येथे मराठी ग्राहकाचे प्रत्यक्ष नुकसान झाले. एका लघुसंदेशात रोमन लिपीतील १६० चिन्हे मावतात, देवनागरीत मात्र ७० च मावतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक खूण स्वतंत्र मोजली जाते. ‘शिक्षक’ हा शब्द उच्चारात तीन अक्षरांचा असला तरी मोजणीत सहा चिन्हांचा होतो. मजकूर सत्तर चिन्हांपलीकडे गेला की एका संदेशाचे दोन संदेश होतात आणि आकारणीही दोनची होते. परिणामी एक पिढी रोमन लिपीत मराठी लिहिण्यास शिकली, आणि जिला रोमन लिपी येत नव्हती ती ‘मिस कॉल’वर थांबली. एक मिस कॉल म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे फोन करा. ही सांकेतिक भाषा गरिबीने घडविली तशीच लिपीच्या अडचणीनेही घडविली.

आद्यकवी मुकुंदराजांचे नाव ज्या आंबेजोगाईशी जोडले आहे, जेथे दासोपंतांनी लांबरुंद पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले, त्याच जिल्ह्यातील मराठी माणसाला आपल्या लिपीत सत्तर चिन्हेच मिळावीत, हा विरोधाभास आहे. संचात भारतीय भाषांची सोय असावी यासाठी केंद्र शासनाला २०१६ मध्ये अधिसूचना काढावी लागली. बाजाराने ती मागणी आपणहून ओळखली नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे.

आवईची किंमत :

डेटा स्वस्त झाल्यावर आवईला नवे वाहन मिळाले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटाचे दर झपाट्याने उतरले. त्याचा लाभ विद्यार्थ्यांना, शेतकऱ्यांना, स्थलांतरितांना झाला, हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांची जमावाने हत्या केली. भिक्षेसाठी भटकणाऱ्या माणसाला पूर्वी गाव ओळखत असे. स्क्रीनवरील दृश्य प्रत्यक्ष ओळखीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरले, तेव्हा हे घडले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश पुढे पाठविण्यावर पाचची मर्यादा आणली.

अफवेवर शासनाने योजलेला उपाय म्हणजे इंटरनेट बंद करणे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात बीड शहरात जाळपोळ झाली. त्यानंतर संचारबंदी लागली व इंटरनेट सेवा खंडित झाली. फेब्रुवारी २०२४ मध्येही बीडसह शेजारच्या जिल्ह्यांत ती खंडित करण्यात आली. शांततेसाठी तात्पुरता निर्बंध समजू शकतो. मात्र असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत व ते अनिश्चित काळासाठी नसावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे. ज्या घरात मोबाईल डेटा हेच एकमेव इंटरनेट आहे, त्या घराचे व्यवहार, अर्ज आणि अभ्यास एकाच वेळी थांबतात.

वर्तुळ पूर्ण होताना :

या सर्व वाङ्मयात सर्वांत महत्त्वाची वार्ता मात्र मोठ्या अक्षरांत कधीच आली नाही. १ मे २००३ पासून येणारे कॉल निःशुल्क झाले. मिस कॉलची संस्कृती, गावाकडच्या आजीच्या हातातील फोन, कोपीत ठेवलेला जुना संच, हे सारे त्या एका निर्णयावर उभे राहिले. बॅलन्स नसला तरी फोन येत असे. (कर्नाटकात गेलेल्या टोळ्यांना मात्र दूरसंचार मंडळ बदलल्याने येणाऱ्या कॉलचेही रोमिंग पुढे दीर्घकाळ भरावे लागले. ज्यांचे घर हंगामापुरते सीमेपलीकडे जात होते, त्यांना योजनेच्या नकाशात जागा नव्हती.) २०१८ च्या अखेरीस प्रमुख कंपन्यांनी २८ दिवसांच्या किमान रिचार्जची अट आणली. प्रारंभी ती ३५ रुपयांची होती. जुलै २०२४ च्या दरवाढीत एअरटेलचा २८ दिवसांचा प्राथमिक प्लॅन १९९ रुपयांवर गेला.

२८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. तेरा वेळा १९९ म्हणजे २,५८७ रुपये. एक संच फडावर आणि एक गावी, अशा दोन संचांचे ५,१७४ रुपये. ज्या कुटुंबाला दोन्ही टोकांना फक्त आवाज ऐकायचा आहे, त्याच्यावर हा भार आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल व संदेशांसाठी स्वतंत्र प्लॅन देणे कंपन्यांना बंधनकारक केले, हे या अडचणीची दखल घेणारे पाऊल होय. तरीही १९९५ मध्ये आलेला कॉल विकत घ्यावा लागत होता आणि आता तो येत राहावा म्हणून रिचार्ज करावे लागते. वर्तुळ जवळजवळ पूर्ण झाले आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकले. एप्रिलमध्ये परतीची परवानगी मिळेपर्यंत गावी राहिलेल्या मुलांशी त्यांचे बोलणे फोनवरच होऊ शकत होते. त्या दिवसांत संचाचा कॅमेरा किती चांगला आहे याला अर्थ नव्हता. रिचार्जची मुदत संपली आहे का, यालाच अर्थ होता.

निष्कर्ष :

१) नव्या संचाची वार्ता संचाच्या किमतीविषयी बोलते, संच चालू ठेवण्याच्या किमतीविषयी मौन पाळते. हे मौन हाच तिचा खरा आशय आहे.

२) आहेराच्या आकड्यात सांगितलेली किंमत आणि उचलीच्या रचनेतील बांधिलकी यांमुळे ही वार्ता ग्रामीण मनाला ओळखीची वाटते. विश्वास या ओळखीतून येतो, अज्ञानातून नव्हे.

३) लिपी, रेंज, बॅटरी आणि येणारा कॉल या कसोट्यांवर पाहता कमी बोलणारा संच अधिक उपयोगी ठरला.

४) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाईल होता. कोयत्याची निम्मी धार स्त्रीच्या हातात असते, पण घरातील एकच फोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. पुढील अभ्यासाची दिशा ही असावी.

घोषणा आणि आवई यांत एक भेद मानला जातो : घोषणेला कर्ता असतो, आवईला नसतो. परंतु घोषणा फसल्यावर जबाबदारी घेणारा कर्ता सापडत नसेल, तर तो भेद उरत नाही. नवा फोन किती रुपयांत येणार, या प्रश्नाऐवजी ‘पैसे नसतील त्या दिवशी घरचा फोन येईल का?’ हा प्रश्न ग्राहकाने आणि समीक्षकानेही विचारण्याची गरज आहे.